बापाचं टक्कल

माझ्या चपलांच्या दुकानाला लागून ज्याचं दुकान आहे, तो सलूनवाला आता बडी असामी झालाय. लोक लांबून येतात, त्याच्या टकलाला डोकं टेकवून फोटो काढतात. ते टक्कल कसं पडलं हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तेव्हा मी गालांना फेस फासून त्याच्याच खुर्चीत बसलो होतो.

नवीन मशीन आणलं की आधी स्वतःच्या केसांवर चालवून बघायचं, ही त्याची पद्धत. त्या दिवशी माझ्याशी बडबडण्याच्या नादात त्यानं मशीनला कंगवाच लावला नाही आणि ते कपाळापासून थेट टाळूपर्यंत फिरवलं. डोक्याच्या मधोमध पायवाट! मी पोट धरून हसलो. त्यानं मला दोन शिव्या हासडल्या आणि चरफडत उरलेलं रानही साफ केलं.

बडबडीची सवय त्याला एकटेपणानं लावली होती. बायको मुलीला घेऊन केव्हाच वेगळी झालेली. दुकानामागच्या खोलीत एक कॉट, एक शेगडी आणि सदा चालू असलेला टीव्ही. दाढी झालेल्या गिऱ्हाइकालाही तो मान चोळत उगाच बसवून ठेवायचा. मुलगी कुठल्या कॉलेजात जाते हे मात्र त्याला सांगता यायचं नाही. तिला कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हाही ‘उद्या जातो, परवा जातो’ करत त्यानं महिने घालवले. घाबरला होता, मान्य. पण घाबरून घरी बसायची चैन तिच्या आईला कुठे परवडत होती?

टक्कल झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्याला बकोटीला धरून हॉस्पिटलात नेलं. मुलीच्या डोक्यावर केस नाहीत, बापाच्याही नाहीत. नर्सचे डोळे भरून आले. तिनं फोटो काढला आणि ‘लेकीसाठी बापाचा त्याग’ असं लिहून तो मोबाइलवर सोडून दिला. झालं!

मुलीला मात्र त्यानं खरं काय ते सांगितलं. ती इतकी हसली की सलाइनची नळी हलायला लागली. “बाबा, कंगवा न लावता? अहो, तुमचा धंदा आहे तो!” मग तोही हसला. ही दोघं एकत्र हसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. तेवढ्यासाठी मी त्याला सगळं माफ करायला तयार होतो.

मुलगी बरी होऊन घरी गेली आणि त्याचा जाहीर सत्कार ठरला. आदल्या दिवशी ती सलूनमध्ये आली. म्हणाली, “बाबा, उद्या स्टेजवर मशीनचंच सांगा. मला तेच आवडतं. आपलं आहे ते.”

“सांगतो की,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलेलं. मुलगी स्कार्फ बांधून त्याच्या शेजारी बसलेली. हा माइकपाशी गेला आणि म्हणाला, “माझ्या लेकीचे केस गेले, तेव्हा मी म्हटलं, मग मला तरी कशाला हवेत?” टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बायका रडायला लागल्या. मुलगी शांतपणे उठली आणि मागच्या दारानं निघून गेली. नंतर तिनं त्याचा फोन कधी उचलला नाही.

त्याच्याकडे वेळही नव्हता म्हणा. ‘बाप कसा असावा’ यावर त्याची भाषणं सुरू झाली होती. रोज सकाळी डोकं घोटायचा. मागची बाजू त्याला दिसायची नाही, ती माझ्याकडून करून घ्यायचा.

परवा मी तेच करत होतो, तेवढ्यात कुठल्याशा वार्ताहराचा फोन आला. त्यानं स्पीकर लावला.

“तुमच्या मुलीचा आजार उलटलाय, तिला पुन्हा ॲडमिट केलंय असं कळलं. वाईट वाटलं. कशी आहे आता?”

माझा हात थांबला. आरशात त्याचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभरच. मग भाषणातला तो ओला आवाज लागला.

“लढतेय हो. मी तिच्या उशाशीच बसलोय.”

त्यानं फोन ठेवला. मग मला विचारलं, “कुठल्या हॉस्पिटलात असेल रे ती?”