तीन विसा आणि दहा

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने वय विचारलं, तेव्हा माझी आत्या म्हणाली, "तीन विसा न् धा." नर्स हसली. "सत्तर म्हणा की, आजी!" आत्याने नुसताच पदर सावरला. राग आला तो मला.

हौस म्हणून मी जॉर्जियन आणि वेल्श शिकते आहे. एक कॉकेशसच्या डोंगरांतली भाषा, दुसरी इंग्लंडच्या शेजारची. दोघींचं दूरचंही नातं नाही. पण सत्तरला जॉर्जियन माणूस 'तीन विसा आणि दहा' असंच म्हणतो. जुनी वेल्श फक्त उलटं म्हणते, 'दहा आणि तीन विसा'. तिथे ही मोजणी आता बहुतेक म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरली आहे. जॉर्जियात शाळेतली पोरंही अशीच मोजतात. मुलूख कुठलाही असो, माणसाच्या हातापायांची बोटं वीसच.

हे सगळं मी आत्याला सांगितलं, नर्सलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. आत्या चपलेतल्या आपल्या बोटांकडे बघत राहिली.

आत डॉक्टरांनी पुन्हा वय विचारलं. आत्या ताठ बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तीन विसा न् धा. ह्यो हिशेब लई मुलखांत चालतो, डॉक्टर."