जे चालत बाहेर आले

गोवा राज्य झालं, त्याच वर्षी मी फौजेत भरती झालो. ट्रेड नर्सिंग असिस्टंट, गाव पेडणे तालुक्यातलं इब्रामपूर. पुढे काश्मीरमध्ये पोस्टिंग मिळालं. सकाळी सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, मग ड्रेसिंग, कॉन्वॉय निघाला की अँब्युलन्समध्ये.

एका सकाळी अतिरेक्यांनी आमच्या पुढच्या बसखाली सुरुंग उडवला. ड्रायव्हर, मांद्र्याचा लान्स नायक दामू परब, गेला. जागीच गेला, असं आम्ही धरून चाललो. मागे बसलेले सगळे वाचले. काहींची हाडं मोडली, काही चालत बाहेर आले. त्यांत आमोण्याचा शिपाई विठू गावस होता. अंगावर ओरखडाही नव्हता.

आमचे मेजर डॉक्टर मला म्हणाले, "जखमींकडे सगळेच बघतील. हे जे चालत आले, त्यांच्यावर लक्ष ठेव. यांचं दुखणं वर्षांनी वर येतं."

पेन्शनवर आल्यावरही ते काम मी सोडलं नाही. त्या बसमधल्या सगळ्यांची खबर ठेवायचो आणि अधूनमधून स्कूटर काढून आमोण्याला जायचो. फौज सोडल्यावर विठू खनिजाचा ट्रक चालवायचा. ब्लडप्रेशर बघायचं, कान तपासायचे, झोपेचं विचारायचं. उत्तर ठरलेलं: "ऑल ओके, उस्ताद."

एकदा त्याची बायको सुलोचना मला वाटेपर्यंत सोडायला आली. "भावजी, जेवतत, कामार जातत. पण निजत नाय. दार बंद केलेला चलत नाय."

मी विठूला इस्पितळात चल म्हटलं.

"वेड्यांच्या डॉक्टराकडे? लायसन जायत."

पुढच्या खेपेला मी त्याच्या अंगणात असतानाच रस्त्यावर एका ट्रकचा टायर फुटला. विठू धावत सुटला. कडेला उभ्या असलेल्या आपल्याच ट्रकचं कुलूपबंद दार ओढू लागला. बोटांतून रक्त आलं. अडवायला गेलेल्याला त्यानं ढकलून दिलं.

मी मागून आवाज चढवला. "गावस, रिपोर्ट."

तो ताठ झाला. "ड्रायव्हर आत आसा, उस्ताद. दार उघडना."

"गाडी रिकामी आहे. मी चेक केली."

"दामू?"

"दामूला आपण बाहेर काढलं. खाली बस."

तो बसला. मी बोटं बांधली. त्या दिवशी तो इस्पितळात जायला स्कूटरवर माझ्या मागे बसला.

उपचार लांबले. ट्रक सुटला. आता तो शेत बघतो. एका कानानं कमी ऐकू येतं, पण झोप लागते. तपासणी चालू आहे.

मागच्या तपासणीत डॉक्टरांनी त्या सकाळबद्दल विचारलं. विठू म्हणाला, "गाडी दरीकडे चलली होती. दामून स्टेअरिंग ओढून ती डोंगरार घातली. मगे त्याची मान पडली. मी त्याच्या मागच्याच सीटवर होतंय."

इतक्या वर्षांत हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही तिथूनच मांद्र्याला गेलो. दामूची आई ओसरीवर बसली होती. विठूनं तिलाही तसंच सांगितलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मला विचारलं, "मागे बसलले बरे आसत मां?"

"बघतंय, आई. काहींका अजून औषधा चालू आसत."

"मगे बघीत रव," ती म्हणाली. "दामून राखलले ते."