माझ्या घरात येणारी मुकी माणसं

"तुम्हाला दिसणारी माणसं खरी नाहीत. आणि तुम्हाला वेडही लागलेलं नाही," धरमपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात. नजर गेली की मेंदूला चित्रं मिळत नाहीत. मग तो स्वतःच चित्रं तयार करतो."

मी खुर्चीतच रडायला लागले. शेजारी माझे पती मनोहर बसले होते. मला ही माणसं दिसतात हे त्यांनाही त्या सकाळीच कळलं होतं.

माझी नजर आधीच्या वर्षापासून मधोमध पुसली जात होती. मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा जो भाग अक्षरं आणि चेहरे ओळखतो, त्याची झीज. दवाखान्यात डोळ्यात थेंब घालून बाकावर बसायचं, बाहुल्या मोठ्या झाल्या की स्कॅन, मग इंजेक्शन. चर्चमध्ये रविवारी शास्त्रवाचन मी करायचे, ते सुटलं. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग दिसायचा.

एका दुपारी नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी मी हाताने चाचपत सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होते. मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात हिरव्या लुगड्यातली बाई उभी. वाटलं, शेजारची कोणी असेल.

"कोण आहे वं?" मी विचारलं.

ती बोलली नाही, हललीही नाही. मला नवऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तिच्या पदराची एकेक दोऱ्याची वीण दिसत होती. थोड्या वेळाने दारात कोणीच नव्हतं. पावलांचा आवाजसुद्धा आला नाही.

बाहेरच्या खोलीतून मनोहरांनी विचारलं, "काहून, सुहास? कोणाशी बोलून राहिली?"

"कोणाशी नाही," मी म्हटलं.

त्यानंतर ती माणसं येतच राहिली. उंच टोप्या घातलेली, वीतभर उंचीची माणसं रांगेने अंगणातून जायची. कधी भिंतीतून नुसता एक चेहरा यायचा, मोठाले दात आणि न मिटणारे डोळे. सगळी मुकी. चर्चमध्ये एकदा पुढचे सगळे बाक भरलेले दिसले, आणि बसलेले सगळेजण वेदीकडे पाठ करून माझ्याकडे बघत होते. मी डोकेदुखीचं कारण सांगून उठले. त्यानंतर उपासनेला जाणंच बंद केलं. प्रार्थनेत एकच मागणं उरलं होतं, ही माणसं जाऊ देत. ती गेली नाहीत. एका सकाळी मनोहरांच्या खुर्चीत, अगदी त्यांच्या अंगावरच, दुसरा एक माणूस बसलेला दिसला आणि मी किंचाळले. तेव्हा त्यांना सगळं सांगावं लागलं आणि ते तडक मला दवाखान्यात घेऊन आले.

डॉक्टरांनी एक युक्ती शिकवली. चित्र दिसलं की डोकं न हलवता नजर भराभर डावीकडून उजवीकडे न्यायची. बरेचदा ते पुसलं जातं.

निदान समजल्यावर कामठीहून माझी मोठी बहीण आली. तिने डॉक्टरांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "डॉक्टरले काय समजते त्यातलं? प्रभूनं तुले दर्शन देलं. ते देवदूत आहेत." मी नको म्हणत असताना तिने ते चर्चच्या मंडळीतल्या चार बायांना सांगितलं.

त्यातून विमलबाई आमच्याकडे आली. तिची मुलगी रीना नर्सिंगला होती. मागच्या पावसाळ्यात तापाने गेली. विमलबाई सोफ्यावर बसली, पाण्याला नको म्हणाली आणि सरळ विचारलं, "सुहासबाई, तुमाले माही रीना दिसते का?"

ती विचारत होती तेव्हाच तिच्या शेजारी मला एक मुलगी दिसली. पांढऱ्या कपड्यांतली, हात मांडीवर ठेवलेली. डोळ्यांच्या जागी सपाट कातडी होती. हो म्हटलं असतं तर विमलबाई त्या एका शब्दावर जगली असती. पुन्हा पुन्हा आली असती, आणि मला रोज काहीतरी बघून सांगावं लागलं असतं.

मनात म्हटलं, प्रभू, मला खोटं बोलू देऊ नकोस. नजर डावीकडून उजवीकडे नेली, परत नेली. मुलगी विरली.

"नाही वं बाई," मी म्हटलं. "माझे डोळे गेले आहेत. मला तुझा चेहरासुद्धा दिसत नाही. पण तू रीनाबद्दल सांग. मी ऐकते."

मला वाटलं, ती उठून जाईल. पण तिने माझा हात धरला आणि रडली. रडता रडता सांगायला लागली. लहानपणी रीना प्रार्थनेत 'आमेन' इतक्या लवकर म्हणायची की पाळकांनाही हसू यायचं. हे सांगताना विमलबाई हसली. मीही हसले. कित्येक महिन्यांत मी हसले नव्हते. मनोहर आतून धावत आले, काय झालं म्हणून.

तिथे, त्या सोफ्यावर, मला आनंद झाला. दुसरा शब्द मला सापडत नाही. संकट टळलं की आनंद होतो, असं मी आयुष्यभर समजत होते. इथे काहीच टळलं नव्हतं. तिची मुलगी गेलेलीच होती, माझी नजर परत येणार नव्हती. तरी ख्रिस्त आमच्या दोघींजवळ बसला आहे, याची मला खात्री होती. आणि त्यासाठी काहीही दिसायची गरज पडली नाही. त्या दुपारनंतर वाईट दिवस आले, भीतीही आली. तो आनंद मात्र खालून वाहत राहिला, अजून वाहतो.

पुढच्या रविवारी विमलबाईच मला चर्चमध्ये घेऊन गेली. पाळकांनी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायला, कोणी उभं राहणार का विचारलं, तेव्हा मी उठले. मला देवदूत दिसत नाहीत, मला आजार आहे, असं सांगितलं. आजाराचं नावही सांगितलं. तुमच्यापैकी कोणाला असं काही दिसत असेल तर लपवू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, म्हटलं. आणि मी आनंदात आहे, हेही सांगितलं. बहीण माझ्यावर रुसली.

उपासना संपली. काठीचा आवाज माझ्याजवळ येऊन थांबला. मंडळीतले सर्वांत म्हातारे, ज्यांना आम्ही सगळे आजोबा म्हणतो, त्यांनी माझा हात धरला.

"मलेबी दिसते ती लोकं," ते हळूच म्हणाले. "सांगतलं नाही कोणाले. पोरं पागल समजतील ना."

मी बाकावर सरकून जागा केली.

"बसा जी आजोबा," मी म्हटलं. "काय काय दिसते, सांगा मले."