पायाळूच्या पायाचा अंगठा

“तुम्हाला लाथ कोणी मारली?” खामगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न हा विचारला.

मी उताणा पडलो होतो. त्यांनी माझा उजवा पाय सरळ धरून वर उचलला. वीतभर उचलला नाही तोच कमरेपासून पोटरीपर्यंत अशी कळ गेली की मी खाट घट्ट धरली. मग म्हणाले, “पायाचा अंगठा वर करा.” मी केला. म्हणजे मला वाटलं, केला. बघितलं तर अंगठा होता तिथंच.

“स्लिप्ड डिस्क,” ते म्हणाले. मणक्यामणक्यांच्या मधे मऊ गादी असते. ती सरकून बाहेर येते आणि पायाकडे जाणारी नस दाबते. पायात उतरणाऱ्या त्या कळेला सायटिका म्हणतात. हे डॉक्टर लढाईवरून आलेले, बोलणं तोडकं, पण समजेपर्यंत सांगायचे.

लाथ मी स्वतःच ओढवून घेतली होती. मी रत्नागिरीकडचा. शाळा चौथीत सुटली, आणि पोटामागं फिरत इथल्या कापसाच्या प्रेसमध्ये आलो. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. पायाळूचा पाय लागला की कमरेतली चमक जाते असं मानतात. कापसाच्या गठाणी, म्हणजे दाबून बांधलेले गठ्ठे, उचलताना कोणाची कंबर धरली की मला बोलावणं यायचं. पालथ्या माणसाच्या कमरेला मी पाय लावायचा, तो उठून कामाला लागायचा. परक्या मुलखात मला नावानं कोणी हाक मारत नव्हतं, पण पायाळू म्हणून चहा मिळायचा. नाही म्हणण्याची हिंमत नव्हती.

मग एक दिवस गठाण लोटताना माझीच कंबर गेली. रहीमचाचा, गठाणी ओढणारे, त्यांच्याच खोलीत मी राहायचो. ते म्हणाले, “अबे पायाळू, आता तुह्या पाठीले कोणाचा पाय आणाचा?” प्रेसमधले दोघं जाऊन नांदुऱ्याहून दुसरा पायाळू घेऊन आले. धान्याच्या बाजारातला हमाल तो, अंगानं दांडगा. त्यानं पाय लावला नाही, हाणला. कमरेतलं दुखणं पायात उतरलं. चाचा बिब्ब्यानं डाग द्यायला निघाले तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो, “हात लावू नका. दवाखान्यात न्या.”

डॉक्टरांनी वाटा सांगितल्या. फळीवर निजून राहायचं आणि ट्रॅक्शन घ्यायचं, म्हणजे पायाला वजन बांधून कंबर ताणायची. किंवा कमरेभोवती प्लास्टर. किंवा नागपूरला जाऊन पाठ उघडून ती गादी काढायची. “अंगठा उठू लागला तर नागपूर नको. पाय आणखी ढिला पडला तर थांबणार नाही. आणि लघवी अडली तर लगेच सांगा.” तुमच्यापैकी कोणावर ही पाळी आली तर शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. लाजू नका.

वजनासाठी चाचांनी प्रेसमधून पिशवीभर सरकी आणली. ती माझ्या पायाला बांधून खाटेच्या पायथ्याबाहेर लोंबत सोडली. पायथ्याच्या खुरांखाली विटा. डोकं खाली, पाय वर, आणि समोर तो अंगठा.

मी त्याला रोज सांगायचो, ऊठ. तो उठायचा नाही. नागपूरची धास्ती होती. घरी आई एकटी, पाठ उघडायची तर तिला कळवायचं कसं? प्रेसच्या मुनिमानं निरोप धाडला, गावी जा, तू आता कामाचा नाहीस. मी उलट निरोप दिला, गेलो तर चालत जाईन.

एका दुपारी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनावर काम करणारी गिरजाबाई कंबर धरून आली.

“भाऊ, माही कंबर धरली. लावा बरं पाय.”

“बाई, माझाच पाय बांधलाय.”

“तुमी काई करू नोका. मीच टेकते.”

चाचा हसले. “टेक, टेक. तो कुठी पळून जाऊन राह्यला?”

ती पाठमोरी वाकली आणि कंबर माझ्या पायाकडे आणू लागली. माझं डोकं फिरलं. आजवर सगळ्यांना हो म्हटलं. आता बांधलेल्या पायालाही सोडत नाहीत? “नाही लावणार,” म्हणत पाय मागं ओढायला गेलो. सरकीनं धरून ठेवलेला पाय हलला नाही. अंगठा मात्र उठला.

“हालला बे,” चाचा पुटपुटले. “पाह्य, हालला.”

“माही कंबर बी हलकी वाटून राह्यली,” गिरजाबाई म्हणाली.

चाचांकडून सगळं ऐकून डॉक्टर आले. अंगठ्यावर बोट दाबून म्हणाले, “आता याच्या विरुद्ध उचला.” मी उचलला. ते म्हणाले, “नस सुटतच होती. रागानं ते तुम्हाला दाखवलं, इतकंच. नागपूर राहू द्या.”

त्यानंतरही फार दिवस फळी सुटली नाही. मग चाचांच्या खांद्यावर हात ठेवून व्हरांड्यात चाललो. डॉक्टरांचे आणि चाचांचे उपकार मी विसरणार नाही. मुनिमाला खपलं नाही, तरी मी प्रेसमध्ये परत गेलो. आता काट्यावर वजनं बघतो, गठाणीला हात लावत नाही. पाय लावा म्हणत अजून लोक येतात. मी दवाखान्याचा रस्ता दाखवतो. रागावले तर रागावू देत.

गिरजाबाईची कंबर पुन्हा गेली. परवा मीच तिला दवाखान्यात फळीवर निजवून आलो. निघताना म्हणाली, “भाऊ, नुसता अंगठा लावा.”

लावला नाही. चप्पल काढली, आणि वर करून दाखवला.