‘चालू करतेय, हात काढा’

"टीचर, आत्या गेली," फिलोमिनाबाईंच्या भाचीचा, शर्लीचा फोन आला, आणि माझ्या मनात वेडाच विचार आला... आता त्या घरात दिवा लावताना हाक कोण देणार?

फिलोमिनाबाई भुईगावच्या. उभा जन्म मुंबईच्या एका प्रयोगशाळेत भौतिकशास्त्र करण्यात गेला. तिथे यंत्रात दांडगी वीज खेळायची. त्यामुळे बटण दाबणारीने आधी "चालू करतेय, हात काढा" असं ओरडायचं आणि आतून "काढला" आल्याशिवाय बटणाला शिवायचं नाही, हा शिरस्ता. निवृत्तीनंतरही बाई पंख्याला, मिक्सरला, देवघरातल्या बल्बलासुद्धा हाक द्यायच्या. थांबायच्या, मान हलवायच्या, मगच बटण. मी थट्टा करायचे, "बाई, शास्त्रज्ञ तुम्ही, आणि भिंतीशी बोलता?" त्या नुसत्या हसायच्या.

त्यांनी कादंबरी लिहायला घेतली आणि मराठी तपासायला मला आचोळ्याहून बोलावू लागल्या. शास्त्रज्ञांची गोष्ट. यंत्रावर नवंच काही पहिल्यांदा दिसतं ते मालतीला. साहेब म्हणतात, यंत्र बिघडलंय. मालती तापाने जाते, आणि वर्षभरात तोच शोध साहेबांच्या नावावर छापून येतो. भर सभेत कुणीतरी विचारतं, हे पहिल्यांदा कुणी पाहिलं? मालतीची मैत्रीण गप्प बसते.

"ती मैत्रीण मी," बाई एकदा म्हणाल्या. "मला बढती मिळाली, टीचर." कादंबरीत सगळी नावं बदलली होती, एक मालतीचं सोडून. शेवटच्या प्रकरणात तीच मैत्रीण अखेर सभेत उठून ते नाव घेणार होती. तिथे मात्र बाईंचा हात चालेना.

आमची शेवटची भेट दुपारची. चटणीसाठी त्यांनी मिक्सरला हाक दिली आणि थांबल्या... खूपच थांबल्या. चेहरा उतरला. "आज उत्तर आलं नाही," म्हणाल्या. म्हणजे एरवी येत होतं? "काल शेवटचं प्रकरण झालं. नाव घेतलं मी तिचं," बाई म्हणाल्या. "गेली वाटतं." मग चटणी तशीच राहिली. त्याच आठवड्यात बाई गेल्या. मला त्यांची फार आठवण येते.

बाईंसाठी चर्चमध्ये झालेल्या महिन्याच्या मिस्सानंतर संध्याकाळी शर्ली नि मी त्यांच्या खोलीत गेलो. ती अस्वस्थ होती. "टीचर, पब्लिशर म्हणतो ते एक नाव पण बदला. साहेबांचे लोक अजून आहेत, कशाला टेन्शन? करू या का चेंज? आत्या थोडीच बघायला येणार आहे."

अंधारून आलं होतं. बटणाकडे हात नेला आणि तोंडून आपसूक निघून गेलं, "चालू करतेय, हात काढा." शर्ली हसली नाही. आम्ही दोघी थांबलो. बाहेर केळीची पानं वाजायचीही बंद झाली. माझं बोट बटण दाबेना.

"राहू दे मालतीचं नाव," शर्ली हळूच म्हणाली.

"काढला."

दिवा लागला. तो शब्द तिने उच्चारला की मी, हे आम्ही अजून एकमेकींना विचारलेलं नाही.