काकूंची बॅग आणि ब्रिटनीचा किनारा

किस्से असे घडत असताना कधीच किस्से वाटत नाहीत. तेव्हा नुसता वैताग असतो. आता मी आयर्लंडच्या पार दुसऱ्या टोकाला, ट्रलीला; संदीप अजून डब्लिनजवळच्या आमच्या जुन्या सँट्रीत. पण फोन झाला की दहाव्या मिनिटाला गाडी २०१७च्या जूनवर येतेच! आम्ही भाड्याची मोटरहोम घेऊन बोटीने ब्रिटनीला, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याला गेलो होतो. मी, माझी बायको मंजिरी, आमचा तेव्हाचा शेजारी संदीप आणि त्याची आई, म्हणजे आमच्या काकू.

काका जाऊन वर्षही झालं नव्हतं. साताऱ्याहून काकू तीन महिन्यांसाठी आल्या आणि आठव्या दिवसापासून एकच धोशा, "माझं तिकीट अलीकडचं कर." बॅग भरलेली, दाराशी उभी. कपडे कपाटात लावायलासुद्धा तयार नाहीत. आईने निदान ठरलेले दिवस तरी राहावं म्हणून संदीप जिवाचं रान करत होता. ही ट्रिप त्यासाठीच.

*

गाडी मलिंगार गावच्या एका आयरिश आजोबांची. काकूंनी आधी बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. आजोबा वाकून बघत राहिले.

"हे कशासाठी?"

"इन्शुरन्स," संदीप म्हणाला.

"कॉम्प्रिहेन्सिव्ह?"

"फुल्ली!" मंजिरी म्हणाली.

"ग्रँड!" म्हणत त्यांनी किल्ली दिली.

*

मोटरहोममध्ये सगळं कप्प्यांत बंद करावं लागतं. काकूंची बॅग मात्र मोकळीच. वळण आलं की चाकांवरून धावत थेट ड्रायव्हरपाशी!

"आई, ती बांधू का?"

"राहू दे. तिला घरची घाई झालीया."

संदीपने पुढचं वळण अगदी हळू घेतलं.

*

फ्रान्समध्ये उजवीकडून चालवायचं, आणि आमचं स्टिअरिंगही उजवीकडे. पुढच्या गाडीला ओव्हरटेक करायचं तर संदीपला समोरचं काही दिसेना. मी डावीकडे बसून "थांब... जा... नको नको!" करत होतो. मागून काकू कडाडल्या, "उठ तिथनं!"

काका एसटीत ड्रायव्हर. काकूंचा जन्म डेपोजवळच्या क्वार्टर्समध्ये गेलेला. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. काकूंनी माझ्या जागी बसून स्टीलचा डबा मांडीवर घेतला, चमच्याने ठोकला. टण! संदीप थांबला. रस्ता मोकळा झाला. टण टण! गेला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन ट्रॅक्टर आणि एक दुधाचा टँकर मागे टाकला. "तुझ्या बापानं असलं लेचंपेचं कधी चालवलं न्हाई!" म्हणत त्या हसल्या. इतक्या दिवसांत त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

*

एका गावात अगदी समुद्रालगत गाडी लावली. जेवून झोप काढली, उठून बघतो तर समुद्रच नाही! तिकडची ओहोटी म्हणजे नजर पोचेल तिथवर नुसती वाळू आणि चिखलात आडव्या झालेल्या होड्या.

काकू पायरीवर उभ्या. "आरं संदीप, समुद्र कुठं गेला?"

"येईल गं संध्याकाळी."

"बॅग घेऊन गेला नसंल तर येईल," काकू म्हणाल्या.

*

सकाळी काकू भाकरी थापत होत्या. थप थप ऐकून शेजारच्या गाडीतले फ्रेंच आजोबा पाना घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, आमचं काहीतरी बिघडलंय! काकूंनी त्यांना भाकरी-ठेचा दिला. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी, कान लाल. मंजिरी घाबरली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. पाना नव्हता, ताट होतं. सोबत बायकोही होती.

"बघा, मान्सं चांगली हायत हिकडची," काकू म्हणाल्या.

*

सँट्रीला परतल्यावर दुसऱ्या सकाळी संदीपकडे पोहे होते. कढई तापलेली, आणि मंजिरीला कांदे कुठेच सापडेनात.

"बॅगेत बघ की," काकू म्हणाल्या.

बॅग दाराशी, नेहमीच्याच जागी. मंजिरीने झाकण उचललं. एका बाजूला कांदे, दुसऱ्या बाजूला बटाटे!

संदीप बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "आई, तिकिटाचं आज फोन करून विचारणार होतो. अलीकडचं करायचं ना?"

काकूंनी मान वर केली नाही. हातातलं उलथनं उचललं आणि कढईच्या काठावर मारलं.

टण!

एकदाच.