पिकवलेला हिरा

इकडे ये गो, मनानं तरी जवळ बस. सख्खी धाकटी बहीण ना तू माझी? मग माझ्या नातीला साखरपुड्यात नवऱ्या मुलानं खोटी अंगठी घातली, हे मला न विचारता सगळ्या तुर्भ्यात कसं सांगत सुटलीस? आता झालं ते नीट ऐक.

सुरुवात माझ्या जावेनं केली. दुसऱ्याच दिवशी तिनं अंगठीवर हाऽऽ करून वाफ सोडली, खऱ्या हिऱ्यावर ती टिकत नाही म्हणे, नि म्हणाली, "काच हाय. मोडा हे लगीन." माझा मुलगा उठून बाहेर गेला. बापच उठून गेल्यावर पोरगी रडायला लागली. मी म्हटलं, चल, दाखवूनच येऊ.

वाशीच्या सोनाराकडे आम्ही तिघी गेलो. त्याच्या मुलीनं खड्याला पेनासारखं यंत्र टेकवलं. टीं! "हिराच आहे, काकी." मी जावेकडे बघितलं. पण मुलगी म्हणाली, "थांबा, हे खाणीतल्या हिऱ्यालाही वाजतं नि लॅबमध्ये बनवलेल्यालाही." मग अंगठी पेटीत ठेवून तिनं उजेड पाडला, विझवला. तरी खडा थोडा वेळ मिणमिणत राहिला. "लॅबमधला. खाणीतले बहुतेक असे मिणमिणत नाहीत."

"बघ! म्हंजे खोटाच," जाऊ म्हणाली.

"त्यानं मला आधीच सांगितलं होतं," नात म्हणाली. "आम्ही मिळून निवडला. पण घरात सगळे खोटा-खोटा करत होते, मी कुणाला सांगू?"

मला आपल्या बाबांचं मिठागर आठवलं. खाडीचं पाणी उन्हात आटवायचे नि म्हणायचे, मीठ पिकलं. डोंगरातून खणलं नाही म्हणून ते खोटं होतं का? सैंधव म्हणून विकलं असतं, तर खोटं. जावेला मी हेच म्हटलं.

"मग घाल तो हिरा कालवणात!" ती म्हणाली. पोरगी रडता रडता हसली.

मोडीत त्याचं फारसं काही येणार नाही, हेही सोनाराच्या मुलीनं सांगितलं. घरी येऊन मी मुलाला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "पोरानं लपवलं नाय ना? मग लगीन होनार."

पण अजून बायका घरात आल्या की पोरगी अंगठी काढून ठेवते. तुझंही बोलणं तिच्या कानावर गेलंय गो. म्हणून म्हणते, हळदीची वाट बघू नकोस, येत्या रविवारीच ये. तिचा हात हातात घे, नि अंगठी घालायला सांग.